तुमाला काहून पाहिजे?

हिंगोलीत मी ज्या बाईंच्या घरी भाड्यानं राहिले, त्यांना कुणी नाव विचारलं की त्या आधी विचारायच्या, "तुमाला काहून पाहिजे?" मग तो कुरिअरवाला असो, घरोघर फिरणारा औषधफवारणीवाला असो, नाहीतर देवळात शेजारी बसलेली नवखी बाई असो. समोरचं माणूस गोंधळून जायचं. नाव कशाला पाहिजे, याचा विचार कुणी कधी केलेलाच नसतो. बहुतेक जण म्हणायचे, "असंच." त्यावर त्या म्हणायच्या, "असंच पाहिजे आसंल तर मंग ऱ्हाऊ द्या," आणि दार लोटून घ्यायच्या.

तेव्हा इथं मीही त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं आणि कुठून त्यांच्या कानावर गेलं, तर माझी खैर नाही. मी त्यांना मावशी म्हणायची. गल्लीतले लोक पाठीमागं बरंच काय काय म्हणायचे. त्यातल्या त्यात 'खडूस' हा शब्द जरा मायेचा होता.

मी तेव्हा लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. आमचं गाव पुसेगावच्या पलीकडं, आडबाजूला. एसटीच्या भरवशावर रोज जाणं-येणं काही जमेना. खोली करून राहायला बाबांनी हो-ना करत परवानगी दिली, पण अट घातली. "तुझ्याबद्दल कुनाची एक गोष्ट कानावर आली, की त्याच दिवशी गाठोडं बांधायचं." बाबा काही दुष्ट नव्हते. आमच्या भावकीतली मुलगी खोली करून शिकायला राहण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि दहा तोंडांना तोंड त्यांना एकट्याला द्यावं लागत होतं.

खोली बघायला गेलो तेव्हा मावशींनी बाबांना ना आडनाव विचारलं, ना शेत किती ते. बाबांना ते जरा खटकलंच, कारण आमच्याकडं ओळखीची सुरुवात तिथूनच होते. मला मात्र त्यांनी विचारलं, "मोबाइल हाय का?" मी हो म्हटलं. "कुलूप लावती का त्याला?" "पॅटर्न आहे." "कोनाकोनाला माहीत हाय?" मी म्हटलं, "घरी सगळ्यांनाच." "मंग ते कुलूप न्हाई पोरी. नुसती कडी हाय." एवढं बोलून त्यांनी मला खोली दाखवली.

मावशी तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल बुक करायचे ते दिवस. कुणाला नांदेड पाहिजे, कुणाला परभणी, आणि मधे मावशी कानाला हेडफोन लावून बसलेल्या. लाइन नीट लागली का हे बघायला मधूनच ऐकावं लागायचं, त्यामुळं अर्ध्या गावाच्या सोयरिकी, भांडणं आणि दुखणी त्यांच्या कानावरून गेली होती. "सकाळी ज्याच्या घरची मयत मी लाइनवर ऐकली, तो दुपारी बाजारात भेटला तर मी इचारायची, कांदे कसे दिले? त्यानं सांगितलं तरच मला कळलं म्हनायचं. न्हाईतर न्हाई." हे सांगताना त्यांच्या आवाजात जो ताठा यायचा, तो भल्याभल्या साहेबांना जमायचा नाही.

एकदा म्हणाल्या, की एका ऑपरेटरबाईनं लाइनवर ऐकलेला एकच शब्द बाहेर बोलून दाखवला आणि एका मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. मी चटकन विचारलं, "कोण हो ती बाई?" मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, की मला कुठं तोंड लपवू असं झालं. "ते सांगितलं तर मंग काय राह्यलं?" म्हणाल्या.

त्यांची खरी गंमत बघायची तर त्यांच्यासोबत बाजारात जायचं. हल्ली दुकानात एक सुई घेतली तरी काउंटरवरचं पोरगं नाव आणि नंबर विचारतं. मावशी नंबर कधी द्यायच्या, कधी नाही, पण नाव प्रत्येक दुकानात वेगळं सांगायच्या. साडीच्या दुकानात त्या गोदाबाई होत्या, चपलेच्या दुकानात सुलोचना, आणि चष्म्याच्या दुकानात चक्क महानंदा. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. मग एक दिवस त्यांना फोन आला, "गोदाबाई बोलताय का? परभणी रोडला प्लॉट निघालेत." मावशींनी फोन ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि मला ओढत साडीच्या दुकानात नेलं. भर गिऱ्हाइकांत मालकाला विचारलं, "गोदाबाईला प्लॉट घ्या म्हनून राहिले लोक. गोदाबाई साऱ्या हिंगोलीत फकस्त तुमच्या दुकानात राहती. तिचा पत्ता त्यांना कोनी दिला?" मालक कपाळाचा घाम पुसत राहिला. शेवटी त्यानं कबूल केलं, की गिऱ्हाइकांचे नंबर त्यानं मेव्हण्याला दिले होते. मावशी म्हणाल्या, "मेव्हन्याला साडी द्या. नंबर काहून देता?"

या वेडाचा त्रासही व्हायचा, नाही असं नाही. चष्मा तयार झाला तेव्हा दुकानातलं पोरगं गल्लीभर महानंदाबाईंचं घर विचारत फिरलं, आणि मीच त्याला सांगितलं की इथं कुणी महानंदा राहत नाही. त्यापायी चष्म्यावाचून मावशींचा आठवडा गेला आणि मला बोलणी बसली. मी म्हटलं, "अहो, मला तरी सांगायचं." तर म्हणे, "तुला काहून सांगू?" घ्या.

फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर त्यांनी मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती. आधार कार्डाची झेरॉक्स कुठं द्यायची झाली, की तिच्यावर लाल पेननं आडवं लिहायच्या, 'फक्त गॅससाठी', 'फक्त सिमसाठी'. काउंटरवरचे लोक वैतागायचे. एकदा सुट्टीला गावाकडं निघताना मी दाराच्या कुलपाचा फोटो काढून स्टेटसला ठेवला, 'चालले गावाला'. मावशींना तो गल्लीतल्या कुणीतरी दाखवला. मी बसस्टँडवर पोचेपर्यंत त्यांचा फोन. "दवंडीवाला पन पैसे घेऊन दवंडी देतो माय. तू तर फुकटात दिली, का खोली रिकामी हाय म्हनून. काढ आधी ते." मी काढलं. राग आला होता, पण काढलं. भिंतीलाही कान असतात असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "कान असू दे. भिंत फॉरवर्ड करत न्हाई."

मावशींचं लग्न झालं होतं का, हे मला आजतागायत माहीत नाही. गल्लीत त्याबद्दल जितकी तोंडं तितक्या कथा होत्या. मी दोन वर्षं त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, त्यांचे पाय दाबले, तापात त्यांनी माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पण मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तरी त्यांच्याइतकं जवळचं मला हिंगोलीत कुणी वाटलं नाही. एखाद्याबद्दल सगळं माहीत असणं आणि त्याच्यावर जीव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्यांच्याकडं शिकले. आज मी औंढ्याला एका लॅबमध्ये काम करते. ज्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात देते. "मी तिची चुलती हाय, मला दाखव की," म्हणणाऱ्या बायका माझ्यावर रुसून जातात. जाऊ देत.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यापायी मी या बाईंची जन्मभर ऋणी आहे.

माझ्या मामांना सोयरिकी जुळवण्याची भारी हौस. माणूस वाईट नाही, पण नसती उठाठेव केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. कोर्सच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मला न विचारता माझा बायोडाटा तयार केला. चुलत बहिणीच्या लग्नातला फोटो, जन्मवेळ, शिक्षण, माझा मोबाइल नंबर, आणि 'सध्या मुक्काम' म्हणून हिंगोलीतली गल्ली सुद्धा. वर्ण गोरा, असंही दडपून लिहिलं. मी चांगली सावळी आहे. हे सगळं त्यांनी समाजाच्या वधूवर ग्रुपवर टाकलं आणि मग मला कळवलं. मी म्हटलं, "मामा, निदान विचारायचं तरी." तर म्हणाले, "अगं, आपलीच मानसं हायेत समदी. परकं कोन हाय त्यात?"

आठ दिवसांत आपली माणसं फोन करायला लागली. काही बिचारी सरळ होती. एका मुलाच्या आईनं तर मला पुरणाचं प्रमाण विचारलं. पण एक जण निराळाच निघाला. आधी नुसते फोन, मग 'फोटो छान आहे' असे मेसेज. मी उत्तर देईना तेव्हा एक दिवस मेसेज आला, 'आज पिवळा ड्रेस घातला होतास ना?' मी खरंच पिवळा ड्रेस घातला होता.

घरी सांगायची सोय नव्हती. सांगितलं की गाठोडं. परीक्षा तोंडावर आलेली, आणि ती बुडाली की मी गावाकडं, आणि गावाकडं गेले की मामांच्या ग्रुपातला कुणीतरी. एवढं सरळ होतं ते. मला जेवण जाईना. मावशी बघत होत्या, पण विचारत नव्हत्या. दोन दिवसांनी ताट पुढं ठेवत म्हणाल्या, "सांगायचं आसंल तर सांग. न्हाई सांगितलं तरी भाकर तेवढीच भेटंल." मग मात्र मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवं सिम घ्यायला लावलं. हा नंबर आईला आणि कॉलेजला, बस. मी आईला सांगितलं, रेंज येत नाही म्हणून बदललं. जुनं सिम मावशींनी स्वतःच्या एका बटनवाल्या फोनात घातलं आणि त्या तुरीच्या शेंगा सोलत ओट्यावर बसल्या. फोन वाजला. मावशींचा आवाज एकदम बदलला. असा करकरीत सरकारी आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "बोला. कोन पाहिजे? आपलं नाव? पूर्ण नाव सांगा. गाव? तालुका? काम काय? हा नंबर आपल्याला कुठून प्राप्त झाला? होल्ड करा." मग फोन ओट्यावर ठेवून पुन्हा शेंगा. फोनातून "हॅलो, हॅलो" येत राहायचं. कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले.

मजा म्हणजे माणसं सगळं सांगायची. तो पिवळ्या ड्रेसवाला सुद्धा पोपटासारखा बोलला. नाव, गाव, आणि बायोडाटा एका मित्रानं पुढं पाठवला हेही. वर म्हणतो, "त्यात गोरी हाय मनून लिवलंय, पन पोरगी सावळी हाय." मावशींनी फोन ठेवला आणि माझ्याकडं वळल्या. "बघितलं? खात्याच्या आवाजात इचारलं की मानूस पोट उघडं करतो. म्हनून तर लोक फसतेत. तुला कोनी असल्या आवाजात इचारलं तर फोन ठेव, समोर कलेक्टर असू दे." मग मला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रार मला माझ्या हातानं लिहायला लावली, स्वतः नुसत्या शेजारी बसल्या. हवालदारबाईंनी सोबत कोण म्हणून त्यांचं नाव विचारलं. मावशींनी तिथंही तेच विचारलं. मी डोळे मिटून घेतले. बाई भल्या होत्या, हसल्या, आणि कशासाठी पाहिजे ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. मग मावशींनी खरं नाव सांगितलं.

ठाण्यातून त्या माणसाला फोन गेला. मला वाटलं, सुटले. पण तो चिडला, आणि माझं जुनं सिम मावशींनी तोवर बंद केल्यामुळं तो नंबर लागेना म्हणून बायोडाट्यावर संपर्कासाठी जो मामांचा नंबर होता, त्यावर त्यानं एक फोटो पाठवला. त्यात माझ्या शेजारी तो, चिकटवलेला. खाली लिहिलं होतं, तुमची भाची माझ्याशी रोज बोलते. मामा तो फोटो घेऊन थेट बाबांकडं गेले.

बाबा त्या दिवशी हिंगोलीच्या बाजारात हळद घेऊन आले होते. हळदीचा ढीग तसाच सोडून ते मामांसोबत खोलीवर आले. कपडे, हात, भुवयासुद्धा पिवळ्या. मामा उंबऱ्यातूनच म्हणाले, "फोन दाव." बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "उघड हे. आन सामान भर."

मावशी आतून आल्या. "तिला उघडायला लावू नका," म्हणाल्या.

बाबा म्हणाले, "बाई, तुमी मधी पडू नका. माझी पोरगी हाय."

"पोरगी तुमचीच हाय. फोन तिचा हाय."

मामा म्हणाले, "लपवायचं काही नसंल तर दावायला काय होते?"

"बराबर बोलले तुमी," मावशी म्हणाल्या. "तुमाला तर काहीच लपवायचं नसंल. तुमचा फोन उघडा आन ठेवा इथं. आमी बघतो जरा."

मामांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला आणि खिशावरच राहिला. बाबांनी तो हात बघितला.

मग मावशींनी एकेक सांगितलं. तो माणूस कोण, नंबर त्याला कुठून मिळाला, तक्रार कधी दिली. "तुमची भाची कवा गोरी होती हो?" असं मामांना विचारलं. मामा म्हणाले, "पन आपलाच ग्रुप हाय तो." "मंग सांगा त्यातली नावं. कोन कोन ओळखीचं हाय?" आता मामांना फोन काढावाच लागला. ते बोटानं वर-खाली करत राहिले. ओळखीची नावं लवकरच संपली, आणि मग नुसतेच नंबर होते. मामा खाली बसले. मला त्यांची दया आली, कारण त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं भलं करताहेत.

बाबांचं मात्र समाधान झालं नव्हतं. ते मावशींना म्हणाले, "बाई, त्या मानसाचं सोडा. तुमी एका घरात राहता, तुमाला समदं ठाऊक असंल. देवाला स्मरून सांगा. माझी पोरगी कशी राहती? कुनाशी बोलती?"

मी मावशींकडं बघितलं. चांगली राहते, एवढे दोन शब्द त्यांनी म्हणायचे होते, आणि माझी परीक्षा, माझी खोली, माझं सगळं वाचणार होतं.

मावशी म्हणाल्या, "मला माहीत हाय. पन मी सांगनार न्हाई."

खरं सांगते, त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला, की वाटलं, ही बाई आपल्या तत्त्वापायी मला बुडवणार. बाबांचा चेहरा उतरला. मावशी पुढं म्हणाल्या, "दादा, आज मी पोरगी चांगली हाय म्हनून सांगितलं, तर उद्या वाईट हाय म्हनून सांगायचा हक्क मला येतो. मला तो हक्क नको. ती काय मुकी हाय का? समोर उभी हाय. तिला इचारा."

बाबा मला न्यायला आले होते, पण त्यांनी अजून मला एकही प्रश्न विचारला नव्हता. मग ते माझ्याकडं वळले.

"कोन हाय हा?"

"मला माहीत नाही, बाबा. मी त्याला कधी बघितलेलं नाही."

"मंग मला सांगितलं काहून न्हाई?"

"तुम्ही शिक्षण बंद केलं असतं."

हे खरं होतं आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. बाबांनी विचारलं, "परीक्षा कवा हाय?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात." त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. तो हळदीनं पिवळा झाला होता. "दे मंग," एवढंच म्हणाले.

मावशींनी दोघांना चहा दिला. निघताना बाबा त्यांना म्हणाले, "तुमचा नंबर द्या बाई. अधूनमधून पोरीची खुशाली इचारीन." मला वाटलं, आता तरी देतील. पण मावशी म्हणाल्या, "पोरीची खुशाली पोरीला इचारा." मग मी माझा नवा नंबर बाबांच्या फोनात घालून दिला. बाबांनी तो कधी मागितला नव्हता. घरून फोन यायचा तो नेहमी आईचाच. बाबा मागून आईला सांगायचे, अमुक विचार, तमुक विचार, आणि आई मला विचारायची.

दिवेलागणीला मावशी चुलीपाशी भाकरी थापत होत्या आणि मी शेजारी बसले होते. माझा फोन वाजला. फोनात मागं बसस्टँडवरच्या भोंग्यातून गाड्यांची नावं ऐकू येत होती.

"हॅलो. मी बोलून राहिलो," बाबा म्हणाले.

"काय झालं बाबा?"

"काही न्हाई." मागं परभणीची गाडी पुकारली गेली. "जेवलीस का माय?"

मी वर बघितलं. मावशींनी हातातलं पीठ झटकलं, भाकरी तव्यावर तशीच सोडली, अंगणात गेल्या आणि बाहेरून दार ओढून घेतलं. त्यांनी भाकरी उलटायला म्हणूनही आत डोकावलं नाही. बाबा आणि मी गाडी लागेपर्यंत बोललो. त्या दिवशीची भाकरी पार करपली, आणि आम्ही दोघींनी ती तशीच खाल्ली.